जंतूमावशीचे हात

अख्खं दुकान जिला जंतूमावशी म्हणायचं, तिला ते नाव पडलं तेव्हा ती अवघी तेहेतीस वर्षांची होती. मावशी म्हणवून घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. पण दुकान चार मजली, त्यात दीडशे माणसं कामाला, आणि दुसऱ्या मजल्यावर साबणांच्या रांगांच्या तोंडाशी टेबल मांडून दिवसभर ‘जंतू, जंतू’ करणारी ही एकटीच. नाव पडायला आणखी काय लागतं?

त्याआधी ती तळमजल्यावर घड्याळांच्या काउंटरला होती. हात फार देखणे. लांबसडक बोटं, स्वच्छ नखं, कातडी अशी की गिऱ्हाईक घड्याळ बघायला यायचं आणि मनगट बघून जायचं. ते हात साबण कंपनीच्या एरिया मॅनेजरच्या नजरेत भरले. हा गृहस्थ भर उन्हाळ्यातही गळ्यातला टाय काढत नसे, म्हणून त्याला सगळे टायसाहेब म्हणायचे. टायसाहेबांनी तिला एक डॉक्टरांसारखा पांढरा कोट दिला, एक काळी पेटी दिली आणि काय बोलायचं त्याचा छापील कागद दिला. कागदाच्या तळाशी पेनानं लिहिलेलं होतं : ‘घाबरवायचे, पण हसतमुखाने.’

पेटीला पुढून दोन भोकं आणि आत जांभळा दिवा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातांना ‘तपासणीचं क्रीम’ लावायचं. त्या क्रीममध्ये एक पावडर असायची. ती जांभळ्या उजेडात चकाकते, एवढीच तिची कर्तबगारी. मग टेबलाशेजारच्या बेसिनवर साध्या साबणानं हात धुवायला लावायचे. हे धुणं चालू असताना जंतूमावशी मनातल्या मनात पाच मोजायची आणि म्हणायची, “बस झालं, या.” हात पेटीत घातले की बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, तळव्याच्या रेषांत पांढरं-निळं काहीतरी लखलखायचं. गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळायचं.

“पाहिलंत?” जंतूमावशी गोड हसून विचारायची.

‘हे जंतू आहेत’ असं ती कधीच म्हणाली नाही. कागदावर तसं नव्हतंच. कंपनी खोटं बोलायची नाही. ते काम तिनं गिऱ्हाइकावर सोपवलं होतं.

मग कंपनीच्या जंतुनाशक साबणानं दुसरी धुलाई. या वेळी ती गप्पांत गुंतवायची. मुलं काय करतात, घर कुठं आहे, बेचक्यांत नीट घासा हं, अंगठा राहिला बघा. असे पस्तीस आकडे मोजून झाले की परत पेटी. हात लख्ख! आणि गिऱ्हाइकाच्या टोपलीत दोन बाटल्या.

तिच्या पक्क्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त गणिताच्या बाई होत्या. नात झाल्यापासून महिन्याला पाच बाटल्या न्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बाटलीवरचा ‘९९.९ टक्के’ हा आकडा वाचून चष्मा कपाळावर चढवला होता.

“अगं, पण हातावर एक कोटी जंतू असले, तर उरले किती?”

“किती?” जंतूमावशीनं विचारलं. हे काही कागदावर नव्हतं.

“दहा हजार उरले की गं!” बाई म्हणाल्या, आणि थोडा विचार करून, “मग दोनदा धुवावे लागतील,” असं म्हणत त्यांनी तीनाऐवजी पाच बाटल्या घेतल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना गणित शिकवलं त्या बाईंनी, पण टायसाहेबांना त्यांच्याकडून काही शिकायची गरज नव्हती.

जंतूमावशीची गंमत अशी, की दुसऱ्यांना घाबरवता घाबरवता ती स्वतःच घाबरली. रोज साठ वेळा तेच तेच बोललं की माणसाला आपलंच म्हणणं पटायला लागतं. शिवाय कंपनीकडून नमुने फुकट. बघता बघता घर भरलं. जंतुनाशक हात धुवायचं, अंग धुवायचं, दात घासायचं, पायांना लावायची पावडर, ओट्यावर मारायचा फवारा. भाजी चिरायची पाटी आली, ती म्हणे आपणहून जंतू मारते. मोजे आले. एकदा तर जंतुनाशक पेन आलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, त्यानं पेन उलटसुलट करून विचारलं, “म्हणजे यानं जे लिहू ते निरोगी होणार का?”

“थट्टा सुचतेय तुम्हाला. दिवसभर शंभर लोकांनी दाबलेली बटणं हाताळून येता. जा, आधी हात धुवा.”

नवरा बिचारा तीन सेकंदांत हात ओले करून यायचा. बाटली जंतुनाशक असली की घासायचं काम आपलं नाही, अशी त्याची समजूत होती. आणि ती समजूत करून दिली कुणी? बायकोनंच!

घरात एकच विरोधी पक्ष होता : सासूबाई. कपडे धुवायच्या साध्या वडीचा तुकडा घेऊन त्या मोरीत उभ्या राहायच्या आणि कोपरापर्यंत हात घासायच्या, सावकाश, जणू भांडं घासताहेत.

“आई, तो तुकडा टाका बघू. त्यावरच किती जंतू असतील.”

“असू देत. माझ्या याच हातांनी तुझा नवरा वाढवलाय. त्याला कुठला जंतू लागला ते सांग. लागला असला तर एक आळसाचा, तो त्याच्या बापाकडून आलाय.”

सुनेनं तो तुकडा गुपचूप केरात टाकला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंकेतून नवा काढला. त्यांच्याकडे साठा होता.

पाच-सहा वर्षं अशी गेली आणि जंतूमावशीच्या हातांनी संप पुकारला. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज. मग लाली. मग उजव्या हाताच्या पाठीवर अशा भेगा पडल्या, की पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचं. ज्या हातांवर गिऱ्हाईक भाळायचं, ते हात आता उन्हात राहिलेल्या जुन्या चामड्यासारखे दिसायला लागले. तिनं त्यावर काय उपाय केला? आणखी धुतले. जंतूच झाले असणार, दुसरं काय!

टायसाहेब पाहणीला आले, तेव्हा त्यांनी ते हात पाहिले आणि दोन पावलं मागं सरकले.

“अहो, हे काय? लोक काय म्हणतील?”

“साहेब, दिवसातनं साठ वेळा…”

“सुट्टीचं बोलू नका, सीझन आहे. हातमोजे घाला. पांढरे. उलट जास्त डॉक्टरी वाटेल.”

आणि खरंच वाटलं. ज्या साबणानं तिचे हात सोलले होते, तोच साबण ती हातमोजे घालून विकत होती, आणि खप वाढला. टायसाहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं, की हातमोज्यांची कल्पना आपली.

शेवटी नवऱ्यानंच तिला दामटून कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी हात उलटेपालटे पाहिले आणि म्हणाले, “घरात काय काय वापरता, सांगा.”

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. पान संपलं. त्यांनी दुसरं घेतलं. मोज्यांपाशी ते थांबले, पेनापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे बघा,” ते म्हणाले, “तुमच्या हातांना नेमकं कशानं झालं, ते एका गोष्टीवर ढकलता येणार नाही. इतक्यांदा धुतलं तर कातडीचं तेलच जातं, त्यावर सुगंध, रंग आणि हे जंतू मारायचं रसायन. पण यातलं निम्मं तुम्हाला लागतच नव्हतं.”

“पण जंतू?”

“जंतू घासल्यानं आणि पाण्यानं जातात. घरी हात धुवायला जंतुनाशक साबण साध्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं काही तपासणीत दिसलेलं नाही. आता यातलं ते जंतू मारायचं रसायन, ट्रायक्लोसान, घ्या. ते कातडीतून आत जातं, लोकांच्या लघवीत सापडतं. प्राण्यांवर प्रयोग केले, त्यांच्यात थायरॉइडच्या संप्रेरकांची गडबड दिसली. माणसांत काय आणि किती, ते अजून पक्कं ठरलेलं नाही. शिवाय रोज थोडं थोडं रसायन मिळालं की जंतू सरावतात, आणि पुढं आपली खरी औषधंही त्यांना जुमानत नाहीत की काय, अशी भीती आहे.”

“म्हणजे धोका आहे की नाही, तेच नक्की नाही ना?” जंतूमावशीतली विक्रेती अजून जिवंत होती.

“धोका नक्की नाही. उपयोगही नक्की नाही. मग घ्यायचं कशासाठी, एवढंच माझं म्हणणं. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी जंतुनाशकाला काम असतं. भाजीच्या पाटीला कसलं आलंय?”

तिला ते पटलं. तपासताना लावलेलं मलम पुसायला ती डॉक्टरांच्या बेसिनपाशी गेली, आणि नळाशेजारी तिच्याच कंपनीची मोठी बाटली दिसली. वर टायसाहेबांचं कार्डही चिकटवलेलं.

“ती… फुकट आली होती,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला लागले.

रविवारी दुपारी तिनं काळी पेटी घरी आणली. दुरुस्तीला न्यायची आहे, असं दुकानात सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर मांडली, पडदे ओढले, आणि सगळ्यांच्या हातांना क्रीम चोपडलं. नवऱ्याला जंतुनाशक बाटली दिली, सासूबाईंना म्हणाली, “तुम्ही तुमच्या वडीनं धुवा. नेहमीसारखे.”

नवरा नेहमीप्रमाणे तीन सेकंदांत आला. पेटीत त्याचे हात असे झगमगले, की लग्नाचा मांडव फिका पडावा. सासूबाई मोरीतून लवकर येईनात. आल्या, हात पुसले, पेटीत घातले. अंधार. एका नखाच्या कडेला बारीकसा ठिपका, बस्स.

“हे कसलं चमकतंय?” सासूबाईंनी मुलाच्या हातांकडे बोट दाखवलं. “जंतू का?”

“नाही. पावडर आहे. मीच लावलेली.”

सासूबाईंनी मुलाचा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “म्हणजे तू आधी लोकांच्या हाताला घाण फासतेस, आणि मग ती काढायचा साबण विकतेस?”

जिभेला हाड नसलेल्या बाईनं टोमणा मारला, तर तो झटकून टाकता येतो. पण सासूबाईंनी टोमणा मारलाच नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. जंतूमावशीला तेच झोंबलं. तिनं पेटी बंद केली आणि जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेली.

सोमवारी तिनं एक उद्योग केला. दोन्ही धुलायांना सारखेच पस्तीस आकडे मोजले. साध्या साबणाचे हात पेटीत घातले, अंधार. कंपनीच्या साबणाचे घातले, तोही अंधार. एक उंच माणूस हात पेटीतच ठेवून विचारात पडला.

“मग फरक काय झाला?”

“वासात आहे,” जंतूमावशी म्हणाली. “याचा वास बरा आहे.”

तो वास घेऊन, नाक मुरडून निघून गेला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आठवडाअखेर टायसाहेब हजर. त्यांनी लांबून दोन प्रयोग पाहिले आणि तिला खोक्यांच्या मागं बोलावलं.

“तुम्ही मोजताय किती?”

“दोन्हींना सारखंच.”

“सारखंच?” टायसाहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. “अहो, हे डेमॉन्स्ट्रेशन आहे, निवडणूक नाही! सगळ्यांना समान संधी द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“साहेब, आपल्या साबणात ते ट्रायक्लोसान…”

“हळू बोला. वर तज्ज्ञ बसलेत ना आपले? सगळं सुरक्षित आहे म्हणतात. तुम्हाला हात धुवायचेत का शास्त्रज्ञ व्हायचंय?”

इथं जंतूमावशीनं राजीनामा तोंडावर फेकला असता, तर सांगायला बरं वाटलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. घरी नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर नवी नोकरी कुठं वाट बघत बसलेली नसते. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा पाच आणि पस्तीस मोजायला लागली. घरातून मात्र तिनं एकूण एक बाटली हलवली. पाटी गेली, मोजे गेले. पेन नवऱ्यानं ठेवून घेतलं, चांगलं चालतं म्हणून. घरी साधा साबण आणि दुकानात जंतुनाशकाचा जयजयकार, असं तिचं नऊ महिने चाललं. हात थोडे सुधारले, मन तेवढं सुधारलं नाही.

आणि मग एका सकाळी नवी खोकी आली. बाटली तीच, रंग तोच, वास तोच. फक्त पुढच्या बाजूला हिरव्या पानाचं चित्र, आणि त्यात मोठ्या अक्षरांत : ‘शंभर टक्के ट्रायक्लोसानमुक्त!’ मागच्या बाजूला, सगळ्यात बारीक अक्षरांत, त्याच्या जागी आलेलं दुसरं जंतुनाशक : बेन्झाल्कोनियम क्लोराइड.

टायसाहेब स्वतः नवा कागद घेऊन आले होते. त्या दिवशी टायही हिरवा होता.

“आता पहिला प्रश्न हा विचारायचा,” ते म्हणाले, “‘तुमच्या घरात अजूनही ट्रायक्लोसान आहे का?’ ‘अजूनही’वर जोर. भुवया वर. आणि आवाज तोच, जंतूंच्या वेळचा.”

“साहेब, पण परवापर्यंत आपणच…”

“परवाचं परवा. कंपनी गिऱ्हाइकाच्या आरोग्याची काळजी घेते. आपण पुढं बघायचं.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“तेही लिहिलंय.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. ‘त्या काळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार आमचे उत्पादन सर्वोत्तम होते.’

जंतूमावशीनं ते वाक्य दोनदा वाचलं. ‘त्या काळी’ म्हणजे गेल्या गुरुवारी.

साडेअकराच्या सुमाराला गणिताच्या बाई आल्या. बरोबर नात, आता सात वर्षांची. टायसाहेब चार पावलांवर उभे राहून मोबाइलवर खप कळवत होते. जंतूमावशीनं हसू आणलं, भुवया वर केल्या आणि तोंड उघडलं. पण बाईंनी बाटलीवरची हिरवी अक्षरं आधीच वाचली होती.

“हे मुक्त म्हणजे? याच्यात पूर्वी होतं का ते?”

“होतं.”

“मग आता काढलं का?”

कागदावरचं वाक्य जंतूमावशीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नात टेबलाशी उभी राहून आपले दोन्ही हात पुढं करत होती, क्रीम लावून घ्यायला. तिला ती चमक फार आवडायची. त्या चिमुकल्या बोटांच्या बेचक्यांत, थेट जंतूमावशीच्या बोटांत होते तसे, लाल कोरडे चट्टे पडले होते.

“हिला हे कधीपासून?” जंतूमावशीनं विचारलं.

“झालं वर्ष. आम्ही रोज दोनदा धुतो गं तुझ्या साबणानं, तरी जात नाही.”

जंतूमावशीनं डाव्या हातातला पांढरा हातमोजा काढला, मग उजव्यातला, आणि आपले हात टेबलावर ठेवले.

“बाई, हे बघा. आणि हा साबण बंद करा. हाही आणि पहिलाही. साधी वडी घ्या, तिकडच्या रांगेत खालच्या फळीवर आहे. अर्धा मिनिट घासा, पाणी भरपूर घ्या. हिला डॉक्टरांना दाखवा, त्यांना सगळं वापरलेलं सांगा. आणि ही चमक जंतूंची नाही. माझ्या क्रीमची आहे.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे सात वर्षं मी…”

“हो.”

“आणि तुला ठाऊक होतं?”

“नऊ महिने झाले.”

बाईंनी हे मनात गुणून पाहिलं असावं. “महिन्याला पाच, म्हणजे पंचेचाळीस बाटल्या तू मला माहीत असून दिल्यास,” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी नातीचा हात धरला आणि खालच्या फळीकडे निघून गेल्या.

टायसाहेबांनी मोबाइल खिशात टाकला होता. जंतूमावशीनं त्यांना तोंड उघडू दिलं नाही. कोट काढला, घडी केली, पेटीवर ठेवला. “पाच आणि पस्तीस,” ती म्हणाली. “पुढचीला सांगा. कागदावर लिहिलेलं नाही, तिला समजायचं नाही.”

पुढची आठवड्याभरात आली. टायसाहेबांना त्या वर्षी बढती मिळाली, ‘मुक्त’ मोहीम फार गाजली म्हणून.

जंतूमावशी दोन महिने घरी होती. सासूबाई ‘मी सांगत होते’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत, पण ते न म्हणणंच सगळ्या घराला ऐकू यायचं. हातांच्या भेगा मिटल्या, उजव्या अंगठ्यापाशी तेवढी एक खरखरीत जागा राहिली. मग तिला एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं : फ्रेम बसवायची, काड्या वाकवून कानाला जुळवायच्या, गिऱ्हाइकाला बारीक अक्षरं वाचायला देऊन नंबर जुळला का ते बघायचं. तिथं तिला कुणी मावशी म्हणत नाही. ताई म्हणतात.

वर्षभरानं गणिताच्या बाई आल्या, जवळचं दिसेना म्हणून करायला टाकलेला चष्मा न्यायला. जंतूमावशीला पाहून दारातच थबकल्या, पण आत आल्या. नातीचे हात बरे झाले होते. डॉक्टरांनी मलम दिलं, साबण बदलायला लावला.

“साधी वडी चालली ना?” जंतूमावशीनं आनंदानं विचारलं.

“छे गं, वडीनं माझं समाधान होईना. दुसऱ्या कंपनीचा आणलाय. जंतुनाशकच आहे, पण त्यात तुझं ते ट्रायक्लोसान नाही. तपासून घेतलाय मी. फसायची नाही आता.” आणि पिशवीतून त्यांनी बाटली काढून अभिमानानं काउंटरवर ठेवली. वर झरा, झऱ्याकाठी फुलं.

जंतूमावशीनं बाईंचा नवा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, डावी काडी जराशी आत घेतली, आणि वाचायला द्यायचा तक्ता काढण्याऐवजी तीच बाटली उलटी करून त्यांच्या हातात दिली.

“मागचं वाचा. सगळ्यात बारीक ओळ.”

बाई वाचायला लागल्या. पाणी. सुगंध. मग त्या अडखळल्या, पुन्हा मागं गेल्या, आणि वर्गात फळ्यावरचं वाचावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, “बेन… झाल… को… नि… यम… क्लो… राइड.” त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. “हे काय असतं गं?”

“नंबर बरोबर आहे,” जंतूमावशी म्हणाली. “डबी काळी देऊ की तपकिरी?”